उतरणीवरचे देऊळ

महाराष्ट्रातली बहुतेक मोठी दैवते चढून गाठायची असतात. वणीची सप्तशृंगी कड्यावर बसली आहे, माहूरची रेणुका डोंगरमाथ्यावर, जेजुरीचा खंडोबा गडावर. छाती भरून येईपर्यंत पायऱ्या चढायच्या आणि मग देव दिसायचा, ही आपल्या यात्रेची ओळखीची रीत. तुळजापुरात हे सगळे उलटे होते. इथे गाव वर आहे आणि देऊळ खाली. बालाघाटाच्या रांगेतील यमुनाचलाच्या उतारावर, खोलगट जागेत भवानीचे ठाणे आहे. दुरून खुणावणारे शिखर नाही. बाजारपेठेतून, बांगड्या-परड्या-कवड्यांच्या दुकानांमधून महाद्वाराशी यायचे आणि तिथून पायरी-पायरीने उतरत जायचे. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, सिद्धिविनायक, मग सरदार निंबाळकर दरवाजा, त्यापुढे होमकुंड, सभामंडप आणि शेवटी गाभारा. या उतरण्याला काही अर्थ आहे की ती केवळ भूगोलाची लहर, हा प्रश्न तुळजापूरवरच्या लेखनात फारसा कोणी विचारलेला नाही. प्रस्तुत पुस्तक तो विचारते. देऊळ म्हणजे गाभारा, आणि बाकी सगळा ‘परिसर’, ही आपली रूढ समजूत तुळजापुरापुरती तरी चुकीची आहे, असे माझेही मत आहे. उतार, पाणी, होम आणि गाभारा या चौघांचा एक ठरलेला क्रम आहे. देऊळ म्हणायचे ते त्या क्रमाला. त्यातला एक दुवा काढून घेतला तर दगड तेवढेच राहतील, देऊळ मात्र राहणार नाही.

नव्या वाचकाला या विषयाचे आवार ठाऊक नसणार, म्हणून आधी ते दाखवतो. तुळजापूरबद्दलचे सर्वांत जुने लेखन माहात्म्याचे. स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाशी जोडल्या गेलेल्या तुळजामाहात्म्यात कर्दम ऋषीच्या मागे राहिलेल्या अनुभूतीची कथा येते. तिच्या तपात कुक्कुर दैत्याने विघ्न आणले आणि तिच्या हाकेसरशी त्वरेने धावून आली म्हणून देवी ‘त्वरिता’, तिचेच पुढे तुरजा, तुळजा झाले. शब्दव्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकेल की नाही, हा भाग सोडून देऊ. माहात्म्यकारांचे एक वैशिष्ट्य मात्र आधुनिक अभ्यासकांनी दुर्लक्षिले. माहात्म्याला मूर्तीइतकीच तीर्थांची ओढ आहे. सगळी तीर्थे एकत्र येऊन जिथे कल्लोळ झाला ते कल्लोळ, गंगा जिथे प्रकटली ते गोमुख, पापे धुणारे ते पापनाश, रामाला देवीने वाट दाखवली ती घाटशीळ. माहात्म्य हा एका अर्थाने जमिनीचा नकाशा आहे. कुठे थांबायचे, कुठे बुडी मारायची, कुठून पुढे जायचे हे तो कथेच्या रूपात सांगतो.

दुसरा प्रवाह बखरींचा. १६५९ साली अफजलखान वाईकडे निघाला तेव्हा त्याने तुळजापूरच्या भवानीला उपद्रव दिला, असे बखरकार सभासदाने लिहून ठेवले. पुजाऱ्यांनी मूर्ती आधीच हलवली होती, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली ती १६६१ मधली. या घटनांमुळे भोसल्यांची कुलदेवता हीच तुळजापूरची मुख्य ओळख बनली आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांच्या लेखनाला एकच प्रश्न चिकटून बसला: आजची मूर्ती जुनी की नंतरची? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या नादात मूर्तीभोवतीचे सगळे अंधारात गेले. भवानी तलवारीच्या वादाबद्दल तर बोलायलाच नको. तिच्यावर जेवढी शाई सांडली तिच्या शतांशानेही कल्लोळाच्या पायऱ्यांकडे कोणी पाहिले नाही.

इंग्रजी अमदानीतील पुरातत्त्वीय पाहणी हा तिसरा प्रवाह. जेम्स बर्जेस १८७० च्या दशकात निजामाच्या मुलखात फिरला, धाराशिवच्या लेण्यांची नोंद त्याने केली. हेन्री कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ १९३१ चा. या मंडळींची मोजमापे आजही उपयोगी पडतात, पण त्यांच्या नजरेला हवे होते ते निखळ, अभंग, ‘शुद्ध’ शिल्प. तुळजापूरसारखे सतत वापरात असलेले, शतकाशतकाला डागडुजी झालेले, शेंदराने आणि तेलाने माखलेले देऊळ त्या नजरेत भरणारे नव्हते. ‘हेमाडपंती’ हा शब्दही आपल्याकडे अशाच सैलपणे फिरतो. चुना न वापरता दगडावर दगड बसवला की हेमाडपंती, एवढ्यावर आपण समाधान मानतो. गो. बं. देगलूरकरांच्या १९७४ च्या ग्रंथाने महाराष्ट्रातील मंदिरस्थापत्याला शिस्तबद्ध परिभाषा दिली. त्याआधी ग. ह. खरे यांनी ‘महाराष्ट्राची चार दैवते’ लिहून मूर्तिशास्त्र आणि कागदपत्रे यांची सांगड घातली होती. हे काम पायाचे आहे. मात्र त्याचा भर मूर्तीची लक्षणे, आयुधे आणि काळ ठरवण्यावर होता.

रा. चिं. ढेरे यांनी हे दालन खऱ्या अर्थाने उघडले. तुळजाभवानीवरच्या त्यांच्या ग्रंथात देवी एकटी उभी नसते. तिच्यासोबत गोंधळी, आराधी, पोत, परडी, कवड्यांची माळ, मातंगी असे सगळे येते. दैवत समजून घ्यायचे तर त्याचे उपासक समजून घ्यावे लागतात, हा ढेऱ्यांचा धडा. परदेशी अभ्यासकांनीही वाट रुंद केली. गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा-बिरोबाच्या धनगरी विश्वाचा वेध घेतला, रोलांड यानसेन यांनी १९९५ साली जर्मन भाषेत तुळजापूरच्या भवानीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि अॅन फेल्डहाउस यांनी त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्रातील नद्या आणि स्त्रीत्व यांचे नाते उलगडले. इरावती कर्व्यांनी पंढरीच्या वाटेवर लिहिले ते तर या सगळ्यांच्या आधी. ‘चालणे’ हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे मराठीला त्यांनी दाखवून दिले. तरीही चालण्याचा हा विचार देवळाच्या दाराशी येऊन थांबला. वारीचे चालणे अभ्यासले गेले. महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंतची पावले मात्र कोणी मोजली नाहीत.

इथे जपानची आठवण येणे अपरिहार्य आहे, आणि ती काढताना थोडी भीतीही वाटते. जपानी मंदिर आणि त्याची बाग म्हटले की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात: भारावून जाणे किंवा ‘आमच्याकडे काय कमी आहे’ म्हणून उसळणे. दोन्ही टाळून पाहिले तर उपयोगाची गोष्ट एवढीच की त्या परंपरेने वाटेला देवळाचा अवयव मानले. बाग कशी रचावी यावर ‘साकुतेइकी’ नावाचा ग्रंथ तिथे अकराव्या शतकात लिहिला गेला. दगड कुठे उभा करावा, पाणी कोणत्या बाजूने आणावे याचे विधिनिषेध त्यात आहेत. क्योतोच्या र्योआन-जी मंदिरात पांढऱ्या वाळूत पंधरा दगड असे मांडले आहेत की ओसरीवर बसून पाहणाऱ्याला ते सगळे एकदम दिसत नाहीत. जागा बदलावी तसा एखादा लपतो, दुसरा उघडा पडतो. पण तुळजापूरला जवळचे उदाहरण र्योआन-जी नव्हे, कियोमिझु-देरा. डोंगराच्या उतारावरचे देऊळ, तिथवर नेणारी दुकानांनी गजबजलेली चढण, आणि आवारात ओतोवा नावाची धार, जिचे पाणी तीन मुखांतून पडते आणि लोक रांग लावून लांब दांड्याच्या पळीत घेतात. देवळाच्या नावाचाच अर्थ ‘निर्मळ पाणी’. आजची मुख्य वास्तू १६३३ ची. तिथला कोणताही अभ्यासक ती धार आणि ती बाजाराची चढण वगळून देवळाबद्दल लिहीत नाही. आपल्याकडे गोमुखाची धार ‘पाय धुण्याची सोय’ म्हणून एका ओळीत उरकली जाते.

तुळजापुरात बाग कुठे आहे, असा आक्षेप यावर कोणी घेईल. छाटलेली झुडपे, मांडलेले दगड, तळ्यातले मासे यांपैकी इथे काही नाही, हे खरे. पण बाग म्हणजे माणसाने अर्थपूर्ण केलेला निसर्ग अशी व्याख्या केली, तर मराठी मुलखात तिची दोन देशी रूपे आहेत: देवराई आणि बारव-कुंड. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तेव्हा हे स्पष्ट झाले की देवाच्या नावाने राखलेले रान ही सुद्धा एक रचना आहे, फक्त ती हात न लावण्याने होते. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात झाडांपेक्षा पाण्याची राखण महत्त्वाची ठरली, म्हणून इथली ‘बाग’ दगडी पायऱ्यांची आणि पाण्याची झाली. ज्या प्रदेशात टँकर ही बारमाही गोष्ट आहे, तिथे डोंगराच्या कुशीतून पाझरणारे पाणी दगडी मुखातून वाहते ठेवणे हे केवढे मोठे सौंदर्य! जवळच्या नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ साली बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल पाहिला की या भागातील सत्ताधीशांनाही हे उमगले होते, हे पटते. तुळजापूरचे जुने नाव चिंचपूर असल्याचे सांगतात, चिंचेच्या झाडांवरून. म्हणजे झाडांची आठवणही अगदीच पुसली गेलेली नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले पु. ल. देशपांडे उद्यान आहे. चांगले आहे, मनाला निववते. पण ते दुसरीकडे उचलून नेता आले म्हणूनच पुण्यात उभे राहू शकले. यमुनाचलाचा उतार उचलून नेता येत नाही.

या पुस्तकाचा सर्वांत मजबूत पुरावा मात्र दगडात नाही, देवीच्या पंचांगात आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. शारदीय नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून ती घोरनिद्रेत जाते, दसऱ्यानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशी झुंजलेली देवी दमते आणि झोपते, ही कल्पनाच किती घरगुती आहे. विजयादशमीच्या सीमोल्लंघनाला पहाटे तिला साड्यांच्या घड्यांत गुंडाळून, १०८ साड्यांचा हिशेब सांगितला जातो, पालखीत बसवून देवळाभोवती प्रदक्षिणा घडवतात. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, पलंग येतो घोडेगावाहून. गावोगावचे मान, वंशपरंपरेने चालत आलेली कामे त्या दोन वस्तूंना जोडलेली आहेत. पलंग दरवर्षी नवा येतो आणि जुना होमकुंडात अर्पण करण्याची परंपरा आहे. ज्या देवळातली देवी चालते, निजते, सीमा ओलांडते, त्या देवळाचे स्थापत्य केवळ ‘बसलेल्या’ मूर्तीच्या हिशेबाने कसे वाचता येईल? सभामंडप, शेजघर, प्रदक्षिणेची वाट आणि होमकुंड ही तिच्या हालचालीची जागा आहे. भक्त उतरून येतो, देवी निघून बाहेर येते. दोघांच्या वाटा जिथे मिळतात तिथे हे देऊळ आहे.

यावर दोन प्रकारची माणसे हरकत घेतील आणि दोघांनाही उत्तर द्यायला हवे. पहिला म्हणेल, भाविकाला याच्याशी काय देणे-घेणे? कुलाचार पाळायला आलेल्या नवऱ्या-नवरीला, नवस फेडायला आलेल्या बाईला, कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून, कर्नाटकातून रात्रभर चालत आलेल्या माणसाला देवीचे मुख दिसले की पुरे. मला हे मान्य नाही, आणि कारण भाविकाच्या वागण्यातच आहे. तो कल्लोळात उतरतो, गोमुखाखाली डोके धरतो, दुरून लोटांगण घालत येतो, परडी भरून घेतो, चिंतामणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल दगडावर हात ठेवून मनातल्या प्रश्नाचा कौल घेतो. गाभाऱ्यात त्याला जेमतेम क्षणभर मिळतो. तासन्‌तास तो या बाकीच्या जागांत असतो. मुखदर्शन एवढेच त्याचे ध्येय असते तर तो इतका वेळ इतरत्र का घालवील? ‘परिसर’ हा शब्द अभ्यासकांचा आणि आराखडे करणाऱ्यांचा आहे. भक्ताच्या लेखी ती सगळी आईची जागा.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. नवरात्रात लाखोंनी लोक येतात, अरुंद पायऱ्यांवर चेंगराचेंगरीची भीती असते, अशा वेळी वाटेच्या सौंदर्याचे कौतुक म्हणजे रिकामपणाचे उद्योग. गर्दीचा प्रश्न खोटा नाही, त्याची थट्टा करणारा माणूस बेजबाबदार ठरेल. पण उत्तर कोणते, यावर विचार व्हायला हवा. क्योतोच्या साइहो-जी मंदिराने आपली शेवाळाची बाग वाचवण्यासाठी १९७७ पासून येणाऱ्यांवर मर्यादा घातली. आधी अर्ज करायचा, मग जायचे. बागेचे शेवाळ वाचले. तुळजापूरला हा मार्ग घेता येणार नाही आणि घेऊ नये. इथे येणे हा विरंगुळा नाही, कुळाचा हक्क आहे. पोत घेऊन आलेल्या आराधिणीला ‘आगाऊ नोंदणी केली का’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही. जपानकडून घ्यायचे असेल तर बंदी घेऊ नये, वाटेचे भान घ्यावे. रांगेसाठी मंडप बांधा, जिने वाढवा, बाहेर पडायच्या वाटा वेगळ्या करा; फक्त माणूस वरून खाली उतरतो, पाण्याला भिडतो आणि मग होमापाशी येतो, हा क्रम लिफ्ट आणि काचेच्या बोगद्याने खाऊन टाकू नका. वृद्धांना, अपंगांना सोपी वाट हवीच. ती या क्रमाच्या बाजूने जाऊ शकते, तिने क्रमाची जागा घ्यायचे कारण नाही.

हे बोलण्याची वेळ आताचीच आहे. निजामाच्या राजवटीत १९०९ साली ‘देऊळ-ए-कवायत’ नावाने देवस्थानच्या कारभाराचे नियम ठरले, १९४८ नंतर हैदराबाद संस्थान संपले, १९५६ ला तुळजापूरचा जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला. पण देवळाची चौकट या स्थित्यंतरांत फारशी हलली नाही. आता ती हलणार आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिराच्या विकासासाठी १,८६५ कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता मिळाली. त्याच काळात जतन-दुरुस्तीचे काम सुरू असताना गाभाऱ्यावरच्या शिखराचा भार पेलणाऱ्या दगडांना तडे गेल्याचे समोर आले, आणि शिखर उतरवून पुन्हा बांधावे की काय, यावर बरीच चर्चा झाली. जुने आहे तसेच ठेवा, असा या पुस्तकाचा हट्ट नाही. दरवर्षी पलंग नवा करणाऱ्या परंपरेला नव्याचे वावडे असूच शकत नाही. जपानातील इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधले जाते. मागची पुनर्बांधणी २०१३ ची. लाकूड बदलते, रचना आणि कारागिरीचा हात टिकतो. म्हणजे काय बदलू द्यायचे आणि काय नाही, याचा निवाडा आधी व्हावा लागतो. तो निवाडा करायचा तर देवळात नेमके काय आहे हे सांगणारी भाषा हवी, आणि मराठीत आज ती अपुरी आहे. मूर्तीसाठी आपल्याकडे शब्द पुष्कळ: अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी, गंडकी शिळा. पायरीची उंची, उताराचा वेग, धारेचा आवाज, सावली पडण्याची वेळ यांसाठी नाहीत. आराखड्याच्या कागदावर ज्याला शब्द नाही त्याला किंमतही नसते.

या पुस्तकाची मांडणी म्हणून थोडी वेगळी झाली आहे. इतिहासकार, स्थापत्याचे अभ्यासक, गोंधळाची परंपरा जाणणारे आणि पाण्याच्या वाटा शोधणारे अशा वेगवेगळ्या नजरांनी एकाच उतरणीकडे पाहिले आहे. त्यांचे एकमेकांशी सगळीकडे जुळत नाही आणि जुळवून घेण्याचा प्रयत्नही केलेला नाही. मूर्तीचा काळ कोणता, या वादात पुस्तक शिरत नाही. भोपे आणि पाळीकर पुजाऱ्यांच्या हक्कांची कज्जेदलाली हाही त्याचा विषय नाही. काही वाचकांना यात देवीबद्दल कमी आणि दगडा-पाण्याबद्दल जास्त लिहिले आहे असे वाटेल. तो आरोप संपादनाच्या वेळीच मान्य करून टाकलेला बरा. गाभाऱ्याचे एकही छायाचित्र छापलेले नाही. सुरुवातीला एक नकाशा आहे, तोही नेहमीच्या नकाशांसारखा नाही. त्यात वरच्या बाजूला उत्तर दिशा नाही, महाद्वार आहे. गाभारा पानाच्या तळाशी. पान हातात धरून उतरायला लागले की तो आपोआप सरळ होतो.